मंडईची रात्र : एका विद्यार्थी-भयपटाची पूर्वतयारी

१९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात सहलीस गेले असता राही अनिल बर्वे यांना त्यांच्या एका मित्राने नारायण धारप यांची एक भयकथा तोंडी सांगितली. बर्वे त्या वेळी १४ वर्षांच्या आसपासचे होते आणि नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे, कारण गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्या ऐकीव कथेने धरलेले बीज १९९७ साली पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात उतरले, पुढे सुमारे ७०० पृष्ठांच्या चित्र-आराखड्यात विस्तारले. २०१२ साली चित्रीकरणास आरंभ झाला, २०१५ मध्ये बराचसा भाग पुन्हा चित्रित करावा लागला आणि अखेर १२ ऑक्टोबर २०१८ रोजी 'तुंबाड' या नावाने तो चित्रपट प्रेक्षकांसमोर आला. ज्या मुलखातील सागाच्या सावलीत या दीर्घ उद्योगाचा उगम झाला, त्याच मुलखातील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यास आज गोंदियात, आमगावात किंवा अर्जुनी मोरगावात बसून, हाताशी असलेल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर, पंधरा मिनिटांचा भयपट करावासा वाटला, तर त्याने अभ्यास कोठून आरंभावा आणि तो कोणत्या दिशेने न्यावा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

'तुंबाड'मधील भय हे शापित दैवताचे आणि मनुष्याच्या हावेचे आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या मनात मात्र बहुधा दुसराच प्रकार असतो, आणि तो म्हणजे स्लॅशर. या जातीच्या चित्रपटात भूत अनिवार्य नसते. एक खुनी असतो, पुष्कळदा मुखवटा चढवलेला. त्याच्या हाती बंदुकीऐवजी सुरी, विळा, कुऱ्हाड असे जवळ जाऊन चालवावे लागणारे पाते असते. काही तरुण माणसे एका विशिष्ट तिथीस एका एकाकी जागी सापडतात. पूर्वी कधीतरी घडलेल्या अन्यायाचा वा अपघाताचा हिशेब त्या रात्री चुकता केला जातो. आणि अखेरीस बहुधा एक मुलगी जिवंत उरते. या सामग्रीकडे पाहताच ध्यानात येते की, हा निर्धन निर्मात्याचा प्रकार आहे. राजवाडा नको, नामांकित नट नको, यंत्रांची करामतही फारशी नको. एक घर, एक रात्र आणि दोन-चार माणसे पुरतात. विद्यार्थ्यांना त्याचे आकर्षण वाटते ते यामुळेच, आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांचे प्रयत्न फसतात तेही यामुळेच. कारण सामग्री स्वस्त असली तरी तिची मांडणी अत्यंत काटेकोर असावी लागते, आणि ती मांडणी न अभ्यासता केवळ रक्ताची बाटली घेऊन निघालेल्यांच्या हाती किळस लागते, भय लागत नाही.

अभ्यासाची एक पद्धत मी आग्रहपूर्वक सुचवीन. गुन्ह्याच्या जागी पोलीस जसा पंचनामा करतात, तसा निवडक दृश्यांचा पंचनामा करावा. चित्रपट एकदा सलग पाहून झाला की आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा पाहावे, नंतर डोळे मिटून केवळ ऐकावे, आणि मग एका वहीत रकाने आखून प्रत्येक तुकड्याची नोंद करावी : अवधी किती, कॅमेरा कोणाच्या जागी उभा आहे, खुनी चौकटीत असल्यास कोठे आहे, कोणता आवाज चालू आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या क्षणी प्रेक्षकास काय ठाऊक आहे व पात्रास काय ठाऊक आहे. हा शेवटचा रकाना भरताना भयाची सारी गणिते उघडी पडतात. पंचनाम्यासाठी वीस चित्रपट घेऊ नयेत. चार पुष्कळ झाले.

पहिला अर्थातच आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा 'सायको'. सुमारे आठ लाख डॉलरांत, बव्हंशी दूरचित्रवाणीच्या कामास सरावलेल्या तंत्रज्ञांकडून आणि कृष्णधवल फितीवर काढलेल्या या चित्रपटातील स्नानगृहातल्या हत्येचे दृश्य चित्रित करण्यास सात दिवस लागले, परंतु पडद्यावर प्रत्यक्ष वार सुमारे पाऊण मिनिटच चालतात. पाते अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते हात, पडदा, तोंड, पाणी, आणि मोरीच्या जाळीकडे वाहत जाणारे काळसर रक्त, जे वस्तुतः चॉकलेटचे सरबत होते. बर्नार्ड हरमन यांच्या तंतुवाद्यांचे कर्कश सूर आणि तुकड्यांची झपाट्याने होणारी अदलाबदल यांतून प्रेक्षकाचे मनच ती जखम पूर्ण करते. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्यासाठी याहून मोठा दिलासा नाही : जे दाखवायचे नाही, त्याचा खर्चही करावा लागत नाही.

दुसरा बॉब क्लार्क यांचा कॅनडातील 'ब्लॅक ख्रिसमस', १९७४ सालचा. खुन्याच्या डोळ्यांनी घराकडे पाहणारा, श्वासासह डोलणारा कॅमेरा यात प्रथमपासून आहे, आणि त्याहून विलक्षण गोष्ट ही की, खुनी कोण, हे चित्रपट संपेपर्यंत सांगितलेच जात नाही. त्याच वर्षी टोबी हूपर यांनी टेक्सासमध्ये केलेला 'द टेक्सास चेन सॉ मॅसेकर' नावावरून रक्तबंबाळ वाटतो. प्रत्यक्षात त्यात रक्त फार थोडे आहे. त्याचे भय आहे भर उन्हाळ्याच्या उन्हात, घामात, धुळीत आणि यंत्राच्या घरघरीत. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर उभे राहून ज्याने दुपार काढली आहे, अशा गोंदियाच्या मुलास उन्हाचे भय समजावून सांगावे लागू नये. तथापि आपले विद्यार्थी भयपट म्हटला की अंधाराकडेच धावतात, आणि अंधारात मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दाणेदार, कळाहीन चित्र येते, हे त्यांना संकलनास बसल्यावर उमगते.

ज्याच्यावर सर्वांत अधिक वेळ खर्चावा तो जॉन कारपेंटर यांचा १९७८ सालचा 'हॅलोविन'. सव्वातीन लाख डॉलरांच्या आसपास खर्च, सुमारे वीस दिवसांचे चित्रीकरण, आणि कथा शरद ऋतूतील असताना कॅलिफोर्नियातील वसंत. म्हणून रंगवलेली कृत्रिम पाने रस्त्यावर पसरायची, दृश्य झाले की गोळा करून पोत्यांत भरायची आणि पुढच्या गल्लीत पुन्हा पसरायची. खुन्याचा मुखवटा दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधील कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा. त्याला पांढरा रंग देऊन व डोळ्यांची भोके रुंदावून त्यातील माणूस पुसून टाकला. निर्मात्या व सहलेखिका डेब्रा हिल यांचा वाटा या चित्रपटात मोठा आहे, आणि मुलींच्या गप्पा जितक्या सहज ऐकू येतात त्यावरून तो जाणवतो.

याचा पंचनामा करू लागले की पहिला धक्का बसतो तो हत्यांच्या वाटणीचा. आरंभीच्या दीर्घ, खुन्याच्या नजरेतून घेतलेल्या दृश्यात एक हत्या होते, मुखवटा काढला जातो, आणि सुरी धरून उभा असलेला खुनी सहा वर्षांचा मुलगा निघतो. त्यानंतर पडद्यावर घडणारी पुढची मनुष्यहत्या चित्रपटाचा अर्ध्याहून अधिक भाग उलटल्यावर येते. मधला सारा वेळ कारपेंटर आणि छायालेखक डीन कंडी काय करीत असतात? रुंद चौकटीच्या कडेला ते त्या पांढऱ्या चेहऱ्यास उभे करतात : कुंपणाआड, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, रस्त्यापलीकडे. आपण त्यास पाहतो आणि मुली पाहत नाहीत. क्वचित एकीला दिसतो, तो दुसरी वळेपर्यंत नाहीसा होतो. प्रेक्षकाची नजर अशा रीतीने हळूहळू शिकवली जाते की, पुढे चौकटीच्या कडेला कोणीही नसतानाही ती तेथे शोध घेऊ लागते. रिकाम्या जागेचे भय वाटू लागणे, ही या कलेतील सर्वांत कठीण सिद्धी आहे, आणि तिच्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

संगीत कारपेंटर यांनी स्वतः, पियानो व सिंथेसायझरच्या साहाय्याने, पाच मात्रांच्या आवर्तनात रचले. पाश्चात्त्य श्रोत्यास चार मात्रांची सवय असल्याने तो ठेका अडखळल्यासारखा वाटतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. झपतालाच्या दहा मात्रा कानांवरून गेलेल्या आपल्या श्रोत्यास पाचाच्या पटीचे एवढे नावीन्य नसावे, तरीही ती धून अंगावर काटा आणते; म्हणून तिचे रहस्य मात्रांपेक्षा तिच्या अथक पुनरावृत्तीत आणि मधूनच स्वरस्थान सरकण्यात असावे, असे माझे मत आहे. संगीतविरहित प्रत पाहून एका स्टुडिओतील अधिकारी स्त्रीस मुळीच भय वाटले नाही, आणि संगीतासह पाहिल्यावर तिचे मत पालटले, असे कारपेंटर यांनी नमूद करून ठेवले आहे.

१९८० सालच्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'पासून पुढचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. तो न्यू जर्सीतील स्काउटांच्या एका छावणीत चित्रित झाला. व्हिएतनाम युद्धात छायाचित्रकार म्हणून काम केलेल्या टॉम सॅविनी यांनी त्यात जखमांचे हुबेहूब प्रयोग घडवले, आणि अनुकरण करणाऱ्यांनी नेमक्या त्या जखमाच उचलल्या. १९८४ साली वेस क्रेवन यांनी खुन्यास स्वप्नात नेले आणि १९९६ साली त्यांनीच 'स्क्रीम'मध्ये या प्रकाराचे सारे नियम पात्रांच्या तोंडून वदवले. दरम्यान कॅरल क्लोव्हर या विदुषीने १९८७ सालच्या निबंधात, आणि पुढे १९९२ सालच्या ग्रंथात, शेवटी उरणाऱ्या मुलीस 'फायनल गर्ल' ही संज्ञा देऊन असे दाखवले की, बहुसंख्येने तरुण पुरुष असलेला प्रेक्षक आरंभी खुन्याच्या डोळ्यांनी पाहत असला तरी अखेरीस त्या मुलीच्या बाजूस येऊन उभा राहतो. या प्रकाराने स्त्रियांच्या देहाची जी विटंबना केली ती खरीच. पण त्याच्याच पोटात हा बदल दडलेला आहे, आणि आजच्या विद्यार्थ्याने त्याचेच बोट धरावे.

आता आपल्याकडे. रामसे बंधूंनी १९७२ सालच्या 'दो गज जमीन के नीचे'पासून 'पुराना मंदिर', 'वीराना' अशी जी परंपरा चालवली, तिच्यात हवेली, प्रेत आणि तांत्रिक प्रधान. निव्वळ मनुष्य-खुन्याचा चित्रपट तिला तितका मानवला नाही. मराठीत या प्रकाराशी सर्वांत निकटचे नाते सांगणारा चित्रपट, कोणास आश्चर्य वाटले तरी, महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा आहे. १९८८ सालच्या अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'तील कल्पना, म्हणजे मरता मरता आपला आत्मा बाहुल्यात घालणारा गुन्हेगार, त्यांनी उचलली, रामदास पाध्ये यांच्या हस्तकौशल्याने तात्या विंचूस देह दिला, दिलीप प्रभावळकरांनी त्यास आवाज व व्यक्तिमत्त्व दिले, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाच्या पोटात हे सारे भय बसवून महाराष्ट्रातील एका पिढीस खुर्चीत मागे सरकावयास लावले. बर्वे यांनी नागझिऱ्यात कथा ऐकली त्याच १९९३ सालचा हा चित्रपट. परक्या मातीतले रोप आपल्या मातीत लावताना त्याची माती बदलावी लागते, हे कोठारे यांनी ओळखले होते. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त उसाच्या फडाचा जो चक्रव्यूह झाला आहे, तोही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

याच ठिकाणी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. 'सायको'च्या मूळ कादंबरीमागे विस्कॉन्सिनमधील एड गीन याच्या कृत्यांची छाया होती; आपल्याकडे मालिका-खुनी रामन राघव याच्यावर श्रीराम राघवन यांनी १९९१ साली चित्रपट केला व पुढे अनुराग कश्यप यांनी २०१६ साली त्याच्यावरून स्फुरलेला चित्रपट काढला; पुण्यातील १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरून स्फुरलेला कश्यप यांचाच 'पांच' मात्र वर्षानुवर्षे चित्रपटगृहांपर्यंत पोहोचू शकला नाही. या उदाहरणांनी भारावून आपल्या तालुक्यातील एखादी खरी हत्या उचलण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुंबईच्या पडद्यावरील कथा मृताच्या नातलगांपासून दूर असते. गावात तेच नातलग पहिल्या रांगेत बसलेले असतात.

तर मग कथा कोठून आणावी? 'हॅलोविन'ने सण निवडला, 'ब्लॅक ख्रिसमस'नेही सणच निवडला, कारण सणाच्या दिवशी माणसे ठरावीक रीतीने वागतात आणि म्हणून त्यांना गाठणे सोपे असते. गोंदिया जिल्ह्यात असा दिवस शोधावयास लांब जाण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रोगराई व इडापिडा गावाबाहेर हाकलून देणारी नारबोद आहे. परंतु त्या दिवसांत धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि चिखलातून कॅमेरा नेणे जिकिरीचे होते. माझी निवड मंडईची. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, दंडार, लेकी-सुनांची व पाहुण्यांची गर्दी, आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. वडसा येथून निघालेली कंपनी येते, मंडप उभा राहतो, आणि दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक गाण्यांसह पहाटेपर्यंत चालते. सारे गाव मंडपात असते. म्हणजेच सारी घरे रिकामी असतात.

स्लॅशर भयपटास जो एकांत लागतो तो येथे गर्दीच्या पाठीला पाठ लावून उभा आहे, आणि हे वैशिष्ट्य अमेरिकन छावणीत नाही. कल्पना करावी : नागपुरास परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी दिवाळीस घरी आली आहे, आजी अंथरुणास खिळलेली, म्हणून ती नाटकास न जाता मागे थांबते. ध्वनिक्षेपकावरून नाटकातील खलनायकाचे हास्य, नायिकेचा आक्रोश, ऑर्गनचे सूर सतत घरात येत आहेत. या रात्री कोणी खरोखर किंचाळले तरी ऐकणारा त्यास नाटकातलेच समजेल. बाहेर कापणी झालेल्या बांध्यांतून धानाचे पुंजणे उभे आहेत. चांदण्यात त्यांतील कोणता पुंजणा आणि कोणता माणूस, हे ओळखू येत नाही. 'हॅलोविन'मधील चौकटीच्या कडेचा अभ्यास येथे कामास येतो : ओसरीवरून दिसणारे पुंजणे दुपारच्या दृश्यात चार मोजून दाखवावेत, संध्याकाळी पुन्हा चार, आणि रात्री कोणीही न मोजता पाच असावेत. मुलीने त्याविषयी एक शब्दही बोलू नये.

पूर्वीच्या अन्यायासाठीही दूर जाऊ नये. जुन्या मालगुजारी तलावाखालची पाच एकर बांधी, एका भावाच्या गैरहजेरीत दुसऱ्याने तलाठ्याच्या दप्तरी करवून घेतलेला खोटा फेरफार, आणि वीस वर्षांनी मंडईच्या पाहुण्यांत मिसळून परतलेला माणूस. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील एका नोंदीत या जिल्ह्यातील प्रेक्षकास पुरेसे कारण मिळते, आणि ते त्यास पूर्ण खरे वाटते. पंधरा मिनिटांत हत्या एकच करावी, किंवा करूच नये.

खुनी कोण असू नये, याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. जंगलातला मांत्रिक, नरबळी देणारा आदिवासी, करणी करणारी म्हातारी, ही पात्रे लेखणीतून फार सहज उतरतात, आणि ती खोटी तर आहेतच, शिवाय घातक आहेत. जादूटोण्याच्या संशयावरून पूर्व विदर्भात माणसांना मारहाण झाली आहे, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच क्रूरतेस आळा घालण्यासाठी. ज्या म्हातारीस पडद्यावर खुनी ठरवाल, तिच्यासारखी दिसणारी म्हातारी पुढच्या गल्लीत राहत असते. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा भयपटास अनुरूप दिसतात, हे कबूल. परंतु ते गोंड समाजाचे तीर्थक्षेत्र आहे, माघी पौर्णिमेस तेथे दूरदूरच्या राज्यांतून भाविक येतात, आणि दुसऱ्याच्या देवस्थानात आपली सुरी घेऊन जाण्याचा अधिकार कॅमेरा देत नाही.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे असले तरी अभ्यासाचाच भाग आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात रात्री चित्रीकरणाचा विचार मनातून काढून टाकावा. वन्यजीव संरक्षण कायदा तर आहेच, आणि बिबट व अस्वल यांना चित्रपटाची कल्पना नसते. गावाच्या हद्दीतील शेत, बंद पडलेली राईस मिल किंवा नातलगाचे जुने कौलारू घर यांवर भागवावे, मालकाची लेखी संमती घ्यावी, ग्रामपंचायतीस अर्ज द्यावा, आणि पोलीस पाटील व ठाण्यास तारीख, वेळ व माणसांची नावे कळवावीत. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांनी नक्षलवादाची वर्षे पाहिली आहेत. मुखवटा चढवून व हाती कुऱ्हाड घेऊन मध्यरात्री रस्त्याने धावणारा मुलगा अभिनय करीत आहे, हे समोरून येणाऱ्या गस्तीला आपोआप कळत नाही. पाते लाकडाचे करून त्यास चंदेरी रंग द्यावा. खऱ्या विळ्याने केलेला सराव एकदाही करू नये. रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि काळसरपणासाठी चिमूटभर कोको पुरे. मात्र मुंग्या येण्यापूर्वी दृश्य आटोपावे. पुढे चित्रपट जाहीरपणे प्रदर्शित करावयाचा झाल्यास १९५२ च्या चित्रपटविषयक कायद्यान्वये प्रमाणपत्र लागते, हेही ध्यानी असावे.

ज्यास वाचन वाढवायचे असेल त्याच्यासाठी गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरूनच कोल्हापुरास जाते, आणि पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय व फिल्म इन्स्टिट्यूट ही दोन्ही जवळजवळ आहेत. परंतु त्याआधी एक काम गावातच करावयाचे आहे, आणि ते वर्षातून एकदाच करता येते. यंदाच्या मंडईच्या रात्री कॅमेरा घरी ठेवून केवळ ध्वनिमुद्रण करावे. मंडपात बसून नव्हे. मंडपापासून शंभर पावलांवर, मग तीनशेवर, मग गावाबाहेरच्या बांधीत उभे राहून, आणि अखेरीस बंद दाराआड, धानाच्या ढोलीशेजारी बसून. ऑर्गन कोठपर्यंत पोहोचतो, संवादातले शब्द कोठे विरतात व नुसता सूर कोठून उरतो, टाळ्या कोठे पावसासारख्या ऐकू येऊ लागतात, हावड्याकडे जाणारी मालगाडी मध्येच हे सारे किती वेळ झाकून टाकते, याची अंतर व वेळ घालून नोंद करावी. दुसऱ्या दिवशी त्या नोंदी व पंचनाम्याची वही शेजारी ठेवून पटकथेचे पहिले पान लिहावयास घ्यावे. मुलगी घराच्या कोणत्या खोलीत असताना काय ऐकू शकते, हे आता ठरलेले असते, आणि खुन्याने कोणत्या क्षणी अंगणात पाऊल टाकावे, हेही त्यावरून ठरवता येते.